पगार जितका मोठा, तितकी सायकल स्वस्त



रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आज ब्रिटनमध्ये आहेत. तुमच्यापैकीही काही जण जातील. मी तिथे एका कंपनीत पगारपत्रकं बनवतो, म्हणून पगारातलीच एक गोष्ट सांगतो.

१९९९ पासून तिथे ‘सायकल टू वर्क’ ही योजना आहे. मालक सायकल विकत घेतो, कामगाराला भाड्याने देतो आणि ते भाडं कर कापण्याआधीच्या पगारातून वळतं होतं. समजा सायकल ६०० पाउंडांची. महिन्याला ५० पाउंड, १२ महिने. २० टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरणाऱ्याला ती ४३२ पाउंडांना पडते. ४० टक्केवाल्या साहेबांचा इन्शुरन्स २ टक्केच, त्यांना ३४८ ला. (शेवटी ती आपल्या नावावर करायला थोडे वेगळे मोजावे लागतात.)

आणि किमान वेतनावरच्या माणसाला? मिळतच नाही. २१ वर्षं आणि त्यापुढच्या कामगाराला ठरलेलं किमान वेतन द्यावंच लागतं; एप्रिल २०२५ मध्ये ते तासाला १२.२१ पाउंड होतं. या कपातीने पगार त्याखाली जाणार असेल, तर ती करता येत नाही. नियम चांगलाच आहे. नाहीतर मालकांनी कशाकशाच्या नावाखाली पगार कापला असता! पण पहाटे ४ ला, बस नसताना सफाईला येणारा बाहेर राहतो आणि मोटारीतून येणारा मॅनेजर आत. असा अर्ज आला की ‘नाही’ मलाच कळवावं लागतं. जेवण पोचवणारी पोरं बहुतेक स्वयंरोजगारी धरली जातात. सायकल त्यांचीच रोजी, पण योजनेपुरता त्यांना मालकच नाही.

वाट मात्र आहे. करमाफी सायकल वापरायला देण्यावर आहे. त्यासाठी पगार कापलाच पाहिजे असं नाही. मालकाने मनात आणलं तर तो सगळ्या कामगारांना सायकल फुकट वापरायला देऊ शकतो. तेवढं मन नसेल, तर बिनव्याजी कर्ज, आपलं कर्जे-हसनाच म्हणा ना. अशा १०,००० पाउंडांपर्यंतच्या कर्जावर कामगाराला कर नाही, आणि कर्जाचा हप्ता कापल्याने किमान वेतनाचा नियम मोडत नाही. सूट मिळणार नाही, पण ६०० पाउंड एकदम काढावे लागत नाहीत.

नोकरीला लागलात की हे नेमकं विचारा: ‘सायकलसाठी बिनव्याजी कर्ज देता का?’ एकट्याने बिचकायला होत असेल तर युनियनच्या माणसाला सोबत न्या. माझ्या टेबलावर असा अर्ज अजून एकही आलेला नाही.