दस्त्यावरचे शिक्के



कवीने बंदुकीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण लाँगफेलो हा अमेरिकन कवी १८४३ साली लग्नानंतरच्या प्रवासात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावचे शस्त्रागार पाहायला गेला होता. तिथे ओळीने उभ्या ठेवलेल्या बंदुका पाहून त्याच्या पत्नीला चर्चमधल्या ऑर्गन वाद्याच्या नळ्या आठवल्या. पुढे त्याने या शस्त्रागारावरच एक युद्धविरोधी कविता लिहिली. आज मी बोलणार आहे ते याच शस्त्रागारात जन्मलेल्या एका रायफलीविषयी, आणि लष्करातून बाहेर पडल्यावर हौशी लोक तिच्यात जे बदल करतात, त्यांविषयी.

तिचे नाव एम-वन गॅरंड. जॉन गॅरंड हा तिचा रचनाकार मूळचा कॅनडातला. अमेरिकी लष्कराने १९३६ साली ती स्वीकारली. त्याआधीच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागे. हिच्यात गोळी सुटताना निर्माण होणारा वायूच ते काम करतो. तो एक दांडा मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती अर्धस्वयंचलित. पोलादी क्लिपमध्ये आठ काडतुसे बसतात. आठवी गोळी सुटली की क्लिप ‘टिंग’ असा आवाज करून बाहेर उडते.

दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे ४० लाख रायफली बनल्या. कोरियन युद्धाच्या काळात इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीयंत्रांच्या कंपनीनेही त्या बनवल्या. याच कंपनीबरोबर भागीदारी करून महिंद्रांनी १९६३ साली आपल्याकडे ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. एकाच नावाचा शिक्का नांगर ओढणाऱ्या यंत्रावरही आणि रायफलीवरही!

लष्कराला नको झालेल्या या रायफली अमेरिकेत सामान्य नागरिकाला विकत घेता येतात. डेन्मार्क, ग्रीस अशा मित्रदेशांना दिलेल्या कित्येक रायफली परत येऊन तिथल्या नेमबाजांच्या घरी गेल्या. आणि मग सुरू झाली कारागिरी. कुणी २४ इंची नळी कापून १८ इंचांची केली. कुणी जुना अक्रोडी दस्ता फेकून नवा, चकचकीत बसवला. कुणी भोके पाडून दुर्बीण लावली. कुणी सगळे धातूकाम घासून पुसून नवेकोरे केले.

यावरून तिथे दोन तट आहेत. एक म्हणतो, वस्तू माझी, पैसे माझे, हवे ते करीन. लाखोंनी बनलेली रायफल ही काही ताजमहाल नव्हे. वय झालेल्या नेमबाजाला साडेचार किलोंचे ओझे पेलवत नसेल, तर त्याने ती हलकी का करू नये? दुसरा तट म्हणतो, हा दस्तावेज आहे. दस्त्यावर तपासनिसाचा शिक्का आहे, नळीवर ती घडवल्याचे साल आहे. ते घासून टाकणे म्हणजे पुस्तकाचे पान फाडणे.

मी शब्दांचा माणूस. माझा कल साहजिकच दुसऱ्या तटाकडे. पण ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण पहिले बदल खुद्द लष्करानेच केले. सुरुवातीच्या सुमारे ५० हजार रायफलींमध्ये वायू घेण्याची रचना वेगळी होती. ती बदलल्यावर जुन्या रायफलीही नव्या पद्धतीच्या केल्या गेल्या, त्यामुळे आरंभीच्या रूपातली रायफल आज अत्यंत दुर्मीळ आहे. तो वायूवर चालणारा दांडा एका कोपऱ्याशी तडकू शकतो, असे लक्षात आल्यावर युद्धानंतर लष्कराच्या कारखान्यांत तो कोपरा गोलसर कापला गेला. आज संग्राहक जादा पैसे मोजतात ते न कापलेल्या, म्हणजे तडकण्याचा धोका असलेल्या दांड्यासाठी! दुरुस्तीला आलेल्या रायफलींचे सुटे भागही एकमेकींत मिसळले. इटलीच्या बेरेटा कंपनीने तर १९५९ च्या सुमारास याच रायफलीत २० गोळ्यांची पेटी बसवून बीएम-५९ ही नवी रायफल घडवली.

तेव्हा बदल हा गुन्हा नाही. फरक आहे तो परतीच्या वाटेचा. दस्ता बदलला आणि जुना जपून ठेवला, तर पुढचा मालक तो पुन्हा बसवू शकतो. नळी कापली, शिक्का घासला, की ती वाट बंद झाली. आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे खोटे नाव. आखूड नळीच्या गॅरंडला बाजारात ‘टँकर’ म्हणतात, जणू रणगाड्यातले सैनिक ती वापरत. प्रत्यक्षात १९४५ साली लष्कराने तसा प्रयोग केला होता. पण युद्ध संपले आणि तो तिथेच थांबला. नंतरच्या ‘टँकर’ या व्यापाऱ्यांनी कापून घेतलेल्या. कापली ते एकवेळ ठीक, पण न घडलेला इतिहास तिच्या नावावर का चढवायचा?

आपल्याकडे हा वाद सहसा उद्भवत नाही. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली, इशापूरच्या कारखान्यातली एसएलआरही अर्धस्वयंचलितच. पण ती सामान्य नागरिकाला मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची नळी आखूड करायलासुद्धा परवाना लागतो. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो.

मग मी एका रायफलीच्या शिक्क्यांची एवढी काळजी का करतो? कारण शस्त्र हे अखेर माणूस मारण्यासाठी घडवलेले असते. त्या दस्त्यावर कुणाचा तरी गाल टेकला होता, आणि नळीच्या पलीकडे कुणीतरी उभे होते. शिक्का, साल, ओरखडे हे सगळे ती आठवण धरून ठेवतात. ते पुसले की उरते ते एक देखणे, गुळगुळीत खेळणे, ज्याला कशाचीच आठवण नाही. बंदूक जगात राहणारच असेल, तर निदान ती विसराळू असू नये.