न्हाणीघरातील वीज : पालकांशी चार शब्द

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक आहे, वायरमन नव्हे. तरीही आज विजेवर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली, याला कारण माझ्याच घरी घडलेला एक प्रसंग आहे. तो सांगताना संकोच वाटतो. कारण त्यातील निम्मी चूक माझी होती.

आपण विजेच्या माहेरी राहतो. आपल्याकडचा कोळसा, इरई धरणाचे पाणी आणि 1983 साली सुरू झालेले चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र यांची आपल्याला सवय झाली आहे. आज या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. असे असले तरी आपल्या आणि 1982 साली आपल्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक घरांत हिवाळ्यात पाणी चुलीवरच तापते. वाघाची भीती मनात बाळगून ज्या मायबहिणींनी रानातून सरपण आणले, त्यांना बटन दाबताच मिळणारे गरम पाणी ही केवढी सोय! परंतु वाघाला आपण भितो, बटनाला भीत नाही.

आता प्रसंग सांगतो. मी बाजारातून पाणी तापविण्याचा रॉड आणला. त्याचा तीन पायांचा मोठा प्लग घरच्या लहान सॉकेटमध्ये बसेना. मी पक्कड घेतली, वरचा जाड पाय कापला, आणि उरलेले दोन पाय कसेबसे बसविले. पाणी तापू लागले. मला माझ्या हुशारीचा अभिमानच वाटला!

डिसेंबरातील एके पहाटे अम्मी वजूसाठी उठली. लोखंडी बादलीत रॉड होता. तिने बटन बंद केले आणि पाणी पाहण्यासाठी हात घातला. झटक्याने ती मागे फेकली गेली. जीव वाचला, पण मनगट मोडले. ती एकच वाक्य सारखे म्हणत होती, "बेटा, मी बटन तर बंद केले होते."

तिचे म्हणणे खरे होते. बटन बंद असूनही पाण्यात वीज कशी आली?

दोन तारांपैकी फेजची तार वीज आणते, न्यूट्रलची तार परत नेते. बटन नेहमी फेजच्या तारेवर हवे. आमच्याकडे मिस्त्रीने ते न्यूट्रलवर जोडले होते. त्यामुळे बटन बंद केल्यावर रॉड तापणे थांबे, पण वीज त्याच्यात उभीच असे. रॉडचे आवरण आतून खराब झाले होते. ती वीज पाण्यात उतरली. गळालेल्या विजेला जमिनीची सुरक्षित वाट देतो तो प्लगचा तिसरा पाय, म्हणजे अर्थिंग. तो मी स्वतः कापला होता. मग विजेने वाट धरली ती अम्मीच्या ओल्या अंगातून आणि ओल्या फरशीतून. एक चूक मिस्त्रीची, दुसरी माझी.

म्हणून पहिली गोष्ट ही, की बटन बंद करून थांबू नका. रॉडचा प्लग काढा, मगच पाण्याला हात लावा. दुसरी, 2,000 वॅटचा रॉड 230 व्होल्टला सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. 6 अँपिअरच्या लहान सॉकेटचे ते काम नव्हे. 16 अँपिअरचेच हवे. सॉकेट काळे पडले, कोमट लागले किंवा जळका वास आला, तर त्याच दिवशी वापर बंद करा. तिसरी, घरात 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. वीज गळू लागताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. त्यावरील चाचणीचे बटन अधूनमधून दाबून पाहा. चौथी, गिझरचे बटन न्हाणीघराबाहेर, कोरड्या भिंतीवर असावे.

आता पाणीच तापत नसेल तर काय पाहावे? गिझरचा दिवा लागत नसेल, तर प्रथम एम.सी.बी. पाहा. तो खाली पडला असेल, तर गिझर बंद करून एकदाच वर करा. गिझर लावताच पुन्हा पडला, तर दोष आत आहे, वायरमनला बोलवा. फ्यूजमध्ये जाड तार तर कधीच घालू नका. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तेव्हा थर्मोस्टॅट किंवा तापणारी कॉइल खराब असण्याचा संभव असतो. पाणी फार उशिरा तापत असेल, तर व्होल्टेज तपासून घ्या. 230 ऐवजी 170 व्होल्ट आले, तर उष्णता जवळजवळ निम्मी होते. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापायला 2,000 वॅटच्या गिझरला 16 मिनिटे लागतात. मग अर्धा तास लागेल. बोअरचे पाणी जड असेल तर कॉइलवर क्षाराचा थर बसतो, तो कारागिराकडून काढून घ्यावा. शॉवरची धार बारीक झाली असेल, तर जाळी काढून लिंबाच्या पाण्यात भिजत ठेवा. ते काम मुलेही करू शकतील.

आणि ईश्वर न करो, कुणाला वीज लागलीच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या बांबूने त्याला दूर ढकला. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब देत राहा आणि दुसऱ्याला 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी तुम्हाला एक गृहपाठ देतो. घरातील प्रत्येक प्लगचे पाय मोजा. कुठे दोनच उरले असतील, तर वडिलांना नम्रपणे दाखवा. स्वतः मात्र काही उघडू नका. आणि पालकहो, वायरमन येईल तेव्हा त्याच्या समोर उभे राहा. बटन बंद असताना सॉकेटमध्ये टेस्टर लावून दाखव, असे त्याला सांगा. कोणत्याही भोकात टेस्टरचा दिवा लागला, तर जोडणी चुकली आहे.

अम्मीचे मनगट आता बरे आहे, पण थंडीत दुखते. ती तक्रार करीत नाही. तो कापलेला पाय मी अजून टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. तुमच्या घरी तो प्लगवरच राहावा, एवढीच विनंती करून माझे भाषण संपवतो.