बंदराचा वाटाड्या

मी राहतो त्या म्हैसूरच्या कुवेंपुनगरात समुद्राचे दर्शन नाही. तो घाटापलीकडे, मंगळूरला. तरीही जहाजाने आलेली जी वस्तू आमच्या घरात येते, तिच्या प्रवासात एका अशा माणसाचा हात असतो की ज्याचे नावही आपल्या कानी पडत नाही. त्याला पायलट म्हणतात. विमानाचा नव्हे, बंदराचा. हा शब्द मुळात दर्यावर्द्यांचाच. विमानवाल्यांनी तो मागाहून उसना घेतला.

महासागर ओलांडून आलेल्या कप्तानाला अखेरच्या काही मैलांसाठी वाटाड्या का लागावा, असे कोणी विचारील. भरसमुद्रात चूक सावरायला जागा असते. बंदराच्या तोंडाशी ती नसते. मुंबईचेच पाहा. तेथे उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते आणि काही तासांत ओसरते. एकीकडे प्राँग्सच्या दीपगृहाजवळचा खडक, मध्ये गाळ उपसून खोल राखलेली वाट, आणि तीतून आडव्या जाणाऱ्या मच्छीमार होड्या. उथळ पाण्यात वेग वाढवला तर जहाज अधिक खाली बसते; कमी केला तर ते सुकाणूला जुमानत नाही आणि वारा त्याला बाजूला लोटतो. या दोहोंच्या मधला वेग पुस्तकातून साधत नाही.

म्हणून पायलट होणारा बहुधा स्वतःच कप्तान झालेला असतो. तरीही त्याला जुन्या पायलटांबरोबर उमेदवारी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते. आधी लहान जहाजे, मग मोठी. कलकत्त्याच्या हुगळी नदीत तर ही वाट दोनशे किलोमीटरहून लांब, आणि तळची वाळू सारखी जागा बदलणारी. कालचे ज्ञान तेथे आज शिळे होते!

जहाजावर हुकूम पायलटचे चालतात, पण जबाबदारी कप्तानाचीच राहते. हा दुहेरी कारभार दोघांच्या विश्वासावर चालतो. बंदराच्या वाटेवर एक अपघात झाला तर काय होते, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईने पाहिले. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात तरंगू लागले, तेल किनाऱ्याला लागले, आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस खोळंबली.

परंतु पायलटच्या जिवाला सर्वांत मोठा धोका असतो तो जहाजावर चढताना. लहानशी बोट चालत्या जहाजाच्या कुशीला येते. जहाज वाऱ्याला आडोसा करून देते, तरी पावसाळ्यातली लाट बोटीला वर उचलते आणि खाली सोडते. लाटेच्या माथ्यावर ती आली की त्या क्षणी दोरीच्या शिडीला हात घालायचा. क्षण चुकला तर पुढची लाट बोटीसकट पायांवर येते. शिडीबद्दल आंतरराष्ट्रीय नियम आहेत : पायऱ्या सारख्या अंतरावर हव्यात, पीळ पडू नये म्हणून अधूनमधून लांब आडवी फळी हवी, आणि नऊ मीटरांहून अधिक चढायचे असेल तर जहाजाचा तिरपा जिना जोडीला हवा. नियम सोपे आहेत. पण शिडी बांधतो तो दूरदेशीचा, थकलेला खलाशी, आणि तिच्यावर लोंबकळतो तो पायलट. दोघांची आधी ओळखही नसते. जागतिक पायलट संघटनेच्या वार्षिक पाहण्यांत सदोष शिड्या वर्षानुवर्षे आढळत आल्या आहेत. २०२५ साली हे नियम अधिक कडक करण्यात आले; शिडी किती काळ वापरावी याचीही मुदत त्यांत आहे. ते १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हावयाचे आहेत.

दोरी कुजलेली दिसली तर पायलट चढण्यास नकार देऊ शकतो. मग जहाज बाहेर ताटकळते, भरतीची वेळ टळते, धक्क्यावर क्रेन आणि मजूर बसून राहतात, भाड्याचा आकडा चढत जातो. खाली हेलकावणाऱ्या बोटीत उभ्या असलेल्या माणसाला हे सारे ठाऊक असते. वर पाहून, हाताने दोरी ओढून, त्याला काही क्षणांत ठरवायचे असते.