तलावाचा धनी कोण?

आज कृषी शाखेची पदवी घेणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो,

तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातली ही पहिलीच पदवी असेल, आणि तिच्यासाठी आईवडिलांनी हंगामामागून हंगाम पोटाला चिमटा घेतला असेल. त्यांचंही अभिनंदन. या आनंदाच्या दिवशी मी तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवणार आहे, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पिढीला द्यावं लागेल. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण 1,200 ते 1,500 मिलिमीटर पाऊस पडतो. एका हेक्टरवर 1,200 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी वीस लाख लिटर पाणी. सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांतला शेतकरी याच्या निम्म्या पावसावर शेती करतो. तरीही आपल्याकडचा बहुसंख्य शेतकरी कोरडवाहूच राहिला. रोवणीच्या वेळी पावसानं पंधरा दिवस दडी मारली की पऱ्हे वाळतात, आणि हस्ताचं पाणी चुकलं की भारी धान निसवताना मार खातं. एवढ्या पावसाच्या मुलखात पंधरा दिवसांच्या उघडिपीनं वर्ष बुडत असेल, तर उणीव पावसाची नाही. पडलेलं पाणी थांबवण्याची आणि त्याची राखण करण्याची व्यवस्था मोडली आहे. ती नव्यानं उभी करायची तर आधी तलावाचा धनी ठरवावा लागेल, हेच मला आज सांगायचं आहे.

पाणी थांबवण्याची पहिली जागा म्हणजे माती. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पट्ट्यातली काळी जमीन ओल धरून ठेवते. पूर्वेकडे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल आणि पुढे गडचिरोलीत मात्र जमिनीचा पोत बांधीगणिक बदलतो. इथल्या शेतकऱ्यानं तिला कन्हार, मोरांड, खरडी, बरडी अशी नावं दिली ती ओल किती दिवस टिकते ते पाहून. बरडीवरचं पाणी दोन दिवसांत दिसेनासं होतं; मोरांडीत धान निघाल्यावरही लाखोळी आणि जवस निघतील एवढी ओल उरते. धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकण्याची उतेरा पद्धत या उरलेल्या ओलीच्या हिशेबावर बेतलेली आहे. दुसरी जागा म्हणजे बांधी. धुरे बांधून, चिखलणी करून पाणी जागच्या जागी अडवायचं. पण बांधीचं पाणी लांबलेल्या उघडिपीत पुरत नाही. त्यासाठी तिसरी जागा लागते, ती बोडी आणि तलाव.

या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतले तलाव कोणी हौसेनं खोदलेले खड्डे नाहीत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन देण्याचा रिवाज असल्याच्या नोंदी आहेत, आणि कोहळी समाजानं या कामात पिढ्यानपिढ्या हात मुरवला. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. त्यांची रचना नीट पाहा. वर जंगलाचा उतार असतो. तिथला पालापाचोळा पावसाचा मार झेलतो, त्यामुळे पाणी सावकाश आणि निवळ होऊन खाली येतं. मग मातीची लांब पाळ, तिच्या कडेला जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, आणि पाळीच्या आत तुडूम. तुडमाला एकाखाली एक भोकं असतात. पातळी उतरेल तसं वरचं भोक आधी, खालचं नंतर उघडायचं, म्हणजे पाणी हवं तेवढंच सुटतं. तिथून नहरानं ते पहिल्या बांधीत, तिथून पुढच्या बांधीत जातं. तलावाच्या उथळ काठावर पाणवनस्पती वाढतात, त्यांत मासे अंडी घालतात आणि त्यावर ढिवर कुटुंबांचा संसार चालतो. जंगल, माती, पाणी, धान आणि मासळी या सगळ्यांचा एकमेकांशी बांधलेला हा हिशेब आहे. त्यातली एक कडी निखळली तरी बाकीच्या फार काळ टिकत नाहीत.

ती निखळली कधी, तेही आपल्याला माहीत आहे. हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात असताना 1950 साली मालकी हक्क संपवणारा कायदा झाला आणि 1951 मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. सरकारला हजारो तलावांची मालकी मिळाली, पण फुटलेल्या पाळीवर त्याच रात्री माती टाकायला कुणी जायचं, हे ठरलं नाही. मालगुजाराची जबाबदारी संपली, गावाचं कर्तव्य सुटलं आणि खात्याचा हात तिथवर पोचला नाही. पाळीवर झाडं वाढली, पाणी आणणारे येवे बुजले, काही रस्त्यांनी आणि शेतांनी तोडले. पोटात गाळ साचला, काठावर बेशरम फोफावली आणि कोरड्या पडलेल्या भागात अतिक्रमणं झाली. हे सारं कुण्या एकाच्या दुष्टपणानं झालेलं नाही. धनी नसलेल्या वस्तूचं जे होतं तेच या तलावांचं झालं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मालगुजारीच्या गुणगानात तुम्ही वेठबिगार विसरता आहात. आक्षेप रास्त आहे. पाळीवर माती टाकणारे हात एकाचे होते आणि पहिलं पाणी दुसऱ्याच्या बांधीत जात होतं, हे नाकारता येणार नाही. मालगुजारी गेली ते योग्यच झालं. तिच्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. पण मालगुजार जाणं आणि व्यवस्था जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाणी वाटपाचे नियम, दुरुस्तीचा हंगाम, पाणी सोडायला गावानं नेमलेला माणूस, हे सारं लोकशाहीच्या पायावर पुन्हा उभं करता आलं असतं. ते आपण केलं नाही. समूहाच्या मालकीची साधनं लोक स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांनिशी मांडलं आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या उदाहरणांत शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचन व्यवस्थांना मोठं स्थान आहे.

दुसरा आक्षेप मोठ्या धरणांचा. तलावाखाली भिजून भिजणार किती, आपल्याला ओलित वाढवायचं तर गोसीखुर्दच हवं, असं अनेकांना मनापासून वाटतं. गोसीखुर्दला 1983 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता, उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टरचं. 1988 मध्ये पायाभरणी झाली, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. खर्च हजारो कोटींवर गेला, पण कालव्याच्या शेवटच्या गावानं पाण्यासाठी एक अख्खी पिढी वाट पाहिली. मी त्या प्रकल्पाच्या विरोधात बोलत नाही. त्याचं पाणी लवकर पोचावं हीच इच्छा आहे. पण त्याचा उजवा कालवा सावली तालुक्यातल्या ब्रिटिशकालीन आसोलामेंढा तलावापर्यंत नेलेला आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे मोठ्या धरणालाही शेवटी पाणी साठवायला आणि वाटायला तलाव लागतोच. दुसरीकडे तेलंगणानं गोदावरीवर बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं 2019 मध्ये लोकार्पण झालं. त्याच्या फुगवट्यानं सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याचे खांबच खचले. त्याच तेलंगणानं 2015 पासून सुमारे 46 हजार तलावांच्या दुरुस्तीची मोहीमही हाती घेतली होती. तलाव साऱ्या वर्षाचं ओलित देत नाही, अवर्षणाच्या साली तो स्वतःच आटतो, हे खरं आहे. पण दोन महिन्यांच्या कसोटीच्या काळात एक-दोन संरक्षक पाणी मिळालं तर आपलं धान वाचतं, आणि तेवढं पाणी गावच्या तलावात मावतं.

तिसरा आक्षेप सांगतो की, पैसा येतोच आहे. खोलीकरण चालू आहे, गाळ निघतो आहे. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाली आणि तिचा हेतू चांगला आहे. पण इथेच तुमच्या पदवीची खरी गरज लागते. तलावाच्या तळाशी बसलेला चिकण थर पाणी झिरपू देत नाही. यंत्रानं मुरूम लागेपर्यंत खोदलं की तो थर फाटतो आणि तलाव गळू लागतो. तुडमाच्या खालच्या भोकापेक्षा खोल साठलेलं पाणी नहरात येत नाही. मोजमापात साठा वाढलेला दिसतो, बांधीत मात्र थेंब पडत नाही. उभे काठ कापले की पाणवनस्पती जातात आणि त्यांच्यामागून मासेही जातात. निघालेला गाळ बरडीला वरदान ठरतो, पण आधीच चिकण असलेल्या कन्हारीत तो टाकून उपयोग नाही. कुठला गाळ, किती खोल, कुठल्या बांधीत, हे यंत्राच्या तासांवर ठरता कामा नये. ते माती तपासून आणि गावाशी बोलून ठरवायचं असतं.

शेवटचा आक्षेप कायद्याचा. पाणलोट वनखात्याचा, तलाव जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधाऱ्याचा, मासेमारीचा ठेका भलत्याचा. मग गावानं करायचं काय? याचं उत्तर कायद्यातच आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग त्यात येतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जलसाठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला, पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, आणि लहान तलाव-नहरांसाठी ठरावीक मर्यादेत वनजमीन वापरण्याची वाटही ग्रामसभेच्या शिफारशीनं मोकळी केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि ग्रामसभा जंगल राखू शकते, बांबू विकून हिशेबही चोख ठेवू शकते हे दाखवून दिलं. जी ग्रामसभा जंगल सांभाळते ती तलाव सांभाळू शकणार नाही, असं मानायला कसलाच आधार नाही. तलावाचा धनी ग्रामसभा आहे. तिच्यात बांधीवाला शेतकरी, ढिवर, भूमिहीन मजूर आणि स्त्रिया बरोबरीनं बसल्या तरच मालगुजारीतला अन्याय परत येणार नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काही कृषी खात्यात जातील, काही स्पर्धा परीक्षा देतील, काही बँकेत जातील, काही घरची शेती पाहतील. कुठेही असा, ज्ञानाच्या बाबतीत एक नम्रता बाळगा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. आपल्या बांधीतल्या निराळ्या लोंब्या हेरून त्यांनी निवड केली आणि एचएमटी हे धानाचं वाण देशाला दिलं. त्या नजरेला तुमच्या प्रयोगशाळेची जोड मिळाली, तर किती काम होईल याचा विचार करा. तेव्हा आपल्या गावच्या तलावापासून सुरुवात करा. येवा कुठे तुटला, तुडूम कुठल्या पातळीवर आहे, पाळ कुठे खचली, खाली किती बांध्या भिजत होत्या आणि आज किती भिजतात, याची नोंद करा. ती नोंद येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करून घ्या आणि त्याचा पाठपुरावा सोडू नका. तुमच्या हाती आलेली पदवी या मातीच्या आणि पाण्याच्या कामी यावी, एवढंच माझं मागणं आहे.