वाद्यांचे वर्ग



वाद्य गुरूसमोर एकट्याने बसून शिकावे, घोळक्यात नव्हे, असे पुष्कळ जाणती माणसे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते सरसकट आम्हांस मान्य नाही. वारकऱ्यांच्या दिंडीतल्या टाळकऱ्याने कुठे शिकवणी लावलेली असते? तो दहाजणांत उभा राहतो आणि पाऊल टाकता टाकता त्याचा हात बसतो. ढोल-लेझमीचेही तसेच. या वाद्यांचा नादच मुळी समूहाचा आहे.

प्रश्न येतो तो तबला, सतार, व्हायोलिन यांच्यापाशी. १८८६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. उस्तादांच्या उंबऱ्याबाहेर ताटकळणाऱ्या सामान्य घरच्या मुलाला विद्येची वाट मोकळी झाली ती अशा शाळांमुळे. आजही सहा घरांनी मिळून शिक्षकाचे वेतन उचलले तरच पुष्कळ मुलांचा हात वाद्याला लागतो. तेव्हा वर्ग नकोतच, असे म्हणणे म्हणजे त्या मुलांना दार लावून घेणे होय.

पण वर्गात बिघडते काय, तेही पाहिले पाहिजे. तबल्याचेच घ्या. चाटेवरचा ‘ना’ खणखणीत निघायचा तर तर्जनी चाटेवर पडताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असावी लागते. ती जड पडली की नाद कोंडतो. मुलगा एकटा वाजवीत असेल तर हे शिक्षकाला पाठमोरे असतानाही कळते. दहा तबले एकदम वाजू लागले की तो कोंडलेला ‘ना’ नऊ मोकळ्या नादांत बुडून जातो. मुलाला वाटते, आपला हात चालला! वर्षभर तो तेच वळण घोटतो. पुढे लय वाढली की हात आखडतो, आणि मुलाला अंगच नाही असा शिक्का बसतो. अंग होते, ऐकणारे कोणी नव्हते.

सतारीचे दुखणे निराळे. दहा सतारी जुळवता जुळवता तास संपतो, आणि तोकडी पडलेली मींड गर्दीत कोणाला ऐकू येत नाही. वर्गांना पेटी का प्रिय, ते आता सांगायला नको: तिचा सूर तयार असतो.

जपानात शिनिची सुझुकी यांची हजाराहून अधिक मुले १९५५ साली टोकियोत एकत्र व्हायोलिन वाजवायला उभी राहिली. ते दृश्य सर्वांना मोहात पाडते. पण त्या पद्धतीत प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पाठ असतो, आई किंवा वडील त्या पाठाला हजर असतात, आणि समूहवादन त्याच्या जोडीला येते, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

आमच्या मते तबल्याच्या वर्गात सहाहून अधिक मुले नसावीत. आधी सर्वांनी मिळून हाताने टाळी-खाली दाखवीत बोल म्हणावेत. पढंत ही समूहानेच करण्याची गोष्ट आहे. लाजरा मुलगाही त्यात मोकळा होतो. मग एकाने वाजवावे आणि पाचांनी ताल धरावा. ताल धरणारी मुले रिकामी बसलेली नसतात. दुसऱ्याचा चुकलेला हात पाहून त्यांची बोटे आपोआप सावरतात. सर्वांनी एकत्र वाजवायचे ते अगदी शेवटी, पाच मिनिटे.

आता पालकांविषयी. संमेलनात वीस मुले एका सुरात त्रिताल वाजवतात, टाळ्या पडतात, आणि आपला मुलगा एकटा कसा वाजवतो हे ऐकायला कोणी मागत नाही. ते मागावे. सेकंदाला एक मात्रा धरली तर त्रितालाची आठ आवर्तने दोन मिनिटांत होतात. वीस मुलांना चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात. पाहुण्यांचे स्वागत, परिचय आणि आभार यांना आपल्याकडे याहून कमी वेळ लागल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.