दारची कोरफड



हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या परिसरातील काळी जमीन कापसाला, हळदीला मानवते. कोरफडीला मात्र नाही. तिचा घात सहसा दुष्काळाने होत नाही, मायेने ओतलेल्या पाण्याने होतो. पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत तिची मुळे कुजतात. म्हणून कुंडीच्या तळाला छिद्र असावे, मातीत निम्मी वाळू मिसळावी आणि माती पुरती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली ठेवू नये. बुंध्याशी फुटलेली पिले दोन दिवस सावलीत सुकवून लावावीत.

पान कापताच पाझरणारा पिवळा, कडू चीक निथळू द्यावा. तो आटवूनच काळा बोळ करतात. तो तीव्र रेचक असून, घरचेच औषध या समजुतीने गर्भवतींना व मुलांना कदापि देऊ नये.