मागातून निघालेली मोटार



लग्नाचे वऱ्हाड असो की पुढाऱ्याचा ताफा, अकोला-अमरावती रस्त्यावर इनोव्हा दिसल्याशिवाय राहत नाही. ही मोटार टोयोटा या जपानी कंपनीची. पण तिचे मूळ लोखंडात नाही, सुतात आहे. आणि सुताशी आपले नाते जुने आहे.

१८६७ साली जपानमधल्या एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मले. त्याच वर्षी मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. आपला कापूस गाठी बांधून मुंबईला जाऊ लागला. तिथल्या बाजारात त्याला नाव पडले ‘ऊमरा’. उमरावती म्हणजे आपली अमरावती, त्यावरून ते आले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली आणि हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांकडे निघाला.

तिकडे साकिची हातमागाची खटपट करीत होते. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले. पुढे त्यांनी यंत्रमाग केला. त्यांच्या मागाची खुबी अशी, की धागा तुटला तर माग आपोआप थांबे. खराब कापड विणलेच जात नसे. म्हणून एक कामगार कितीतरी माग सांभाळू शके.

माझे आजोबा पिंजारी होते. धनुकलीची तांत तुटली, की गिऱ्हाईक कितीही घाई करो, ते आधी तांत बांधायचे. त्यामुळे साकिचींची ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. हा पैसा साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांच्या मोटारीच्या प्रयोगांना लागला, असे सांगितले जाते. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग उघडला. त्याच वर्षी इकडे सरकारने परदेशी कापडावर जबर जकात बसवली आणि जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ च्या करारात ठरले, की जपानने कापसाच्या दहा लाख गाठी घेतल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकता येईल. आपला कापूस द्यायचा आणि त्यांचे कापड घ्यायचे, असा तो सौदा होता. १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्र झाली.

हिंदुस्थानचा कापूस खरेदी करणाऱ्या बड्या जपानी पेढ्यांत एक होती तोयो मेंका. नाव बदलून ती तोमेन झाली आणि २००६ मध्ये टोयोटाच्याच व्यापारी कंपनीत विलीन झाली.

टोयोटा समूहाने भारतात किर्लोस्करांबरोबर कारखाना काढला, तोही आधी सूतगिरणीची यंत्रे करायला. १९९५ मध्ये तो कारखाना निघाला, मोटारींची कंपनी १९९७ मध्ये. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे हे घराणे. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मोटारींचा कारखाना काढण्याचा करारही झाला.

या इतिहासात ‘ऊमरा’ नाव कुठे आले, ते पाहा. फक्त गाठीवर. कापसातून यंत्र आले, यंत्रातून पैसा आणि पैशातून नवा धंदा. ही साखळी आपल्याकडे जुळली नाही. अकोल्याची सावतराम मिलही बंद पडली. कापूस मात्र पिकतोच आहे.

म्हणून मला त्या मोटारीपेक्षा तो माग मोठा वाटतो. एक धागा तुटला तरी तो थांबायचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वऱ्हाडात कापूस पिकवणाऱ्या किती घरांतला कर्ता माणूस गेला! खरेदी चालू राहिली, बाजार चालू राहिला. कोणता धागा तुटला, हे थांबून पाहिले पाहिजे. तांत बांधल्याशिवाय पुढे पिंजायचे नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)